थांबवलं, पण काहीच सापडलं नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणाऱ्या वाचक संमीलन ऊर्जेच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जुळवून मिळणाऱ्या ऊर्जेच्या, एका प्रयोगावर काम करतात. यंत्र मध्यम आकाराचा टोकामॅक आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर अतितप्त प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) कोंडून ठेवणारं पोकळ कडं. त्या मूळच्या पॉवर सप्लायच्या इंजिनिअर. सात महिन्यांपूर्वी त्यांना ऑपरेशन्स टीमचं प्रमुखपद मिळालं. व्हॅक्यूम, कूलिंग, वीज आणि कंट्रोल मिळून तीसेक माणसं त्यांच्याकडे आहेत.

प्रयोगांची मोहीम संपायला तीन आठवडे उरले असताना टीममधले सर्वांत जुने व्हॅक्यूम तंत्रज्ञ त्यांच्याकडे आले. प्रत्येक शॉटनंतर, म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याच्या प्रत्येक फेरीनंतर, पात्रात पाण्याच्या वाफेचं प्रमाण वाढतं आणि नंतर पहिल्याइतकं खाली येत नाही, कूलिंगची एखादी नळी बारीक गळत असावी, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रज्ञांच्या मते भिंतीत मुरलेलं पाणीच सुटत होतं, थांबायचं कारण नव्हतं. वाचकांनी रात्री ग्रुपवर मेसेज टाकून यंत्र थांबवलं. यंत्र थंड करून, गळती असेल तर पात्रात दिसावा म्हणून कूलिंगच्या तीन मार्गांत हीलियम वायू सोडून दीड दिवस तपासणी झाली. काहीच सापडलं नाही. पुढच्या बैठकीत ‘ऑपरेशन्सवाले घाबरट झालेत’ असं सगळ्यांदेखत ऐकावं लागलं. संचालक गप्प राहिले. यंत्र पुन्हा सुरू आहे आणि वाफेचा आलेख अजूनही हळूहळू चढतोच आहे.

त्या विचारतात: मी चुकले का? प्लाझ्मा भौतिकी न शिकलेल्या माणसाने शास्त्रज्ञांना ‘नाही’ म्हणावं का? पुन्हा थांबवलं आणि पुन्हा हात रिकामे राहिले तर? सात महिन्यांत सलग दोन दिवस सुट्टी मिळालेली नाही, रात्री दोनलाही फोन येतो. पद सोडून पुन्हा पॉवर सप्लायच्या हॉलमध्ये जावं असं त्यांना वाटतं. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय: ‘ते तंत्रज्ञ आता सकाळच्या बैठकीत सगळं ठीक आहे एवढंच म्हणतात.’

उत्तर

तुमचं पत्र वाचून संपवलं आणि मी त्या शेवटच्या ओळीपाशीच अडकलो. आलेख, तपासणी, बैठकीत झालेला अपमान, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. ज्यांच्यामुळे हे सुरू झालं ते आता तोंड मिटून बसलेत, हे मात्र एका ओळीत उरकलंत. मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटते. तिच्याकडे मी परत येणार आहे. पण आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते ओझं मनावर असेपर्यंत बाकीचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

नाही, तुम्ही चुकला नाहीत.

थांबवणं बरोबर होतं की नाही हे नंतर काय सापडलं यावरून ठरत नसतं, तेव्हा तुमच्यासमोर काय होतं यावरून ठरतं. तुमच्यासमोर उभी हयात व्हॅक्यूममध्ये घालवलेला माणूस होता, दर शॉटला चढत जाणारा आलेख होता आणि दोन शक्यता होत्या, त्यातली एक खूप महागात पडणारी. समजा तिसऱ्या नळीत भेग सापडली असती. त्याच बैठकीत त्याच लोकांनी तुमचं कौतुक केलं असतं. निर्णय तोच, त्यामागचा विचार तोच, बदललं असतं ते फक्त नशीब. नशिबाने लावलेला निकाल स्वतःच्या कुवतीचा निकाल म्हणून मनाला लावून घेऊ नका.

आणि ‘काहीच सापडलं नाही’ हे वाक्य तरी पुरतं खरं आहे का? तपासणी यंत्र थंड असताना झाली, असं तुम्ही लिहिता. आलेख मात्र शॉटनंतर चढतो, म्हणजे भिंती आणि नळ्या तापल्यावर. वेल्डिंगमधली केसाएवढी भेग तापल्यावर किंवा चुंबकीय बलांचा ताण आल्यावर उघडते आणि निवल्यावर मिटते, हे व्हॅक्यूमच्या माणसांना नवं नाही. नळी पुरेशी कोरडी केली नसेल तर भेगेत अडकलेलं पाणीच बुचासारखं बसतं आणि वायूला बाहेर पडू देत नाही. शिवाय तुम्ही हीलियम वापरलंत. तुमचं यंत्र ड्युटेरियमवर, म्हणजे जड हायड्रोजनवर, चालत असेल तर आरजीएवर, म्हणजे पात्रात उरलेले वायू मोजणाऱ्या नेहमीच्या उपकरणावर, हीलियमचा अणू आणि ड्युटेरियमचा रेणू दोन्ही वस्तुमान ४ वरच दिसतात. भिंतींतून ड्युटेरियम सुटत असताना चिमूटभर हीलियम त्यात सहज लपतं. अशा वेळी आर्गॉन बरा पडतो. तुमच्या तंत्रज्ञांनी याचा विचार केलाही असेल, पण तुमच्या पत्रात तसं काही नाही, म्हणून त्यांना विचारा.

तेव्हा लॉगबुकात ‘काही सापडलं नाही’ असं न लिहिता ‘थंड स्थितीत, कूलिंगच्या या तीन मार्गांत, हीलियम वापरून, इतक्या संवेदनशीलतेपर्यंत गळती दिसली नाही’ असं लिहा. पहिलं वाक्य प्रश्न बंद करून टाकतं. दुसऱ्यात पुढे काय तपासायचं ते दिसतं, आणि दीड दिवसात तुमच्या टीमने नेमकं काय कमावलं तेही दिसतं.

आता तुमचा खरा पेच: पुन्हा थांबवायचं की नाही? तुम्ही दोनच वाटा धरून चालला आहात, सगळं थांबवायचं किंवा सगळं तसंच चालू ठेवायचं. मधल्या वाटा बऱ्याच आहेत. दिवसभराचे शॉट संपले की यंत्र गरम असतानाच पंपांचे व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब कसा चढतो ते तासभर पाहा. गळती असेल तर रेघ जवळजवळ सरळ चढत जाते. भिंतीतून वायू सुटत असेल तर ती हळूहळू वाकते, मंदावते. ही चाचणी अंतिम निकाल देईलच असं नाही, पण वाद आवाजावरून आलेखावर येतो. मग एकेका रात्री कूलिंगचा एकेक मार्ग वेगळा करून, त्यातलं पाणी काढून, आरजीएवर वस्तुमान १८ ची, म्हणजे पाण्याची, उंची खाली येते का ते पाहता येईल. नीट आखलंत तर यासाठी दिवसाचा एकही शॉट जाणार नाही.

आणखी एक पुरावा तुमच्याकडे आहे, फक्त तो तुमच्या टीमकडे नाही. पाणी खरोखर आत येत असेल तर त्यातला ऑक्सिजन प्लाझ्मात जाणार आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात ऑक्सिजनची रेषा वाढणार. ती नोंद शास्त्रज्ञांच्या गटाकडे प्रत्येक शॉटची असते. गेल्या महिन्याभरातल्या शॉट क्रमांकांसमोर एका बाजूला तुमचा १८ चा आलेख आणि दुसऱ्या बाजूला त्यांची ऑक्सिजनची रेषा एकाच कागदावर मांडा. हे काम त्यांच्यातल्या एकाने आणि तुमच्यातल्या एकाने शेजारी बसून करावं. तुमचे व्हॅक्यूम तंत्रज्ञ आणि वर्णपटावर काम करणारा एखादा तरुण विद्यार्थी, अशी जोडी मला दिसते. कागद काय सांगेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तो दोन्ही बाजूंचा असेल.

शास्त्रज्ञांशी बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवा: भिंतीची स्वच्छता ही तुमची कटकट नाही, त्यांचं भौतिकशास्त्र आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनला टीएफटीआर नावाचा मोठा टोकामॅक होता. १९८६ मध्ये तिथे ‘सुपरशॉट’ म्हणून गाजलेले प्लाझ्मा मिळाले. त्यासाठी आधी कमी प्रवाहाचे शॉटवर शॉट घेऊन कार्बनच्या भिंतीत मुरलेला वायू काढून टाकावा लागला होता. भिंत तयार होती म्हणून तो प्लाझ्मा मिळाला. तेव्हा ‘माझा आलेख बिघडतोय’ असं म्हणू नका. ‘तुमच्या शेवटच्या तीन आठवड्यांतले शॉट मळक्या भिंतीवर होणार आहेत, हे तुम्हाला चालेल का?’ असं विचारा. हा त्यांचाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

यंत्रातल्या एका दोषाची किंमत किती मोठी असू शकते हे या क्षेत्राने पुरेपूर पाहिलंय. प्रिन्स्टनचंच एनएसटीएक्स-यू हे यंत्र मोठ्या सुधारणेनंतर सुरू झालं आणि २०१६ मध्ये जेमतेम दहा आठवड्यांच्या प्रयोगांनंतर एका कॉइलच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या वेटोळ्याच्या, बिघाडाने बंद पडलं. दुरुस्तीत आणि नव्याने बांधण्यात वर्षांमागून वर्षं गेली. जपानमध्ये नाका इथल्या जेटी-६०एसएवर मार्च २०२१ मध्ये चाचण्या सुरू असताना एका सुपरकंडक्टिंग कॉइलच्या जोडापाशी इन्सुलेशन कमी पडलं. त्यांचा पहिला प्लाझ्मा उजाडला ऑक्टोबर २०२३ मध्ये. एवढं प्रचंड यंत्र, आणि अडलं एका जोडापाशी. प्रत्येक शंकेला यंत्र बंद करा असं मी म्हणत नाही, तसं केलं तर कुठलाच प्रयोग उभा राहणार नाही. पण दीड दिवस आणि अडीच वर्षं ही दोन मापं शेजारी ठेवून पाहा, मग ‘घाबरट’ हा शब्द कुठे बसतो ते तुम्हीच सांगा.

तुमचा दुसरा प्रश्न अधिकाराचा. प्लाझ्मा भौतिकी आली नाही तर ‘नाही’ म्हणायचा हक्क नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. हे गृहीतक तुमच्या डोक्यात कुणी घातलं? इंग्लंडमधल्या कलहमचा जेट टोकामॅक १९८३ पासून २०२३ पर्यंत चाळीस वर्षं चालला. त्यावर एक लाखाहून जास्त शॉट झाले, आणि अगदी शेवटच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, एका शॉटमधून ६९ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा काढून त्याने आपलाच विक्रम मोडला. तिथल्या कंट्रोल रूममध्ये दोन वेगळ्या खुर्च्या असत. सेशन लीडर हा प्रयोगाचा माणूस, आज कसला प्लाझ्मा हवा ते तो पाहायचा. इंजिनिअर-इन-चार्जकडे यंत्राची जबाबदारी. पहिल्याने दुसऱ्याचं शास्त्र शिकून घ्यावं म्हणून ही विभागणी नव्हती. प्रयोगाची ओढ आणि यंत्राची काळजी या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात त्याच क्षणी ठेवल्या, की बहुतेक वेळा ओढच जिंकते, म्हणून ती होती.

तुमच्याकडे ही खुर्ची कागदावर आहे का? पत्रावरून तरी वाटतं, तुम्हाला पद दिलं, त्याच्या सीमा कुणी आखून दिल्या नाहीत. म्हणून प्रत्येक ‘थांबा’ तुमचा वैयक्तिक हट्ट ठरतो. तीन आठवडे संपायची वाट न पाहता संचालकांसोबत एक पान तयार करा, एकच. कोण थांबवू शकतो. कोणत्या मोजमापांच्या पलीकडे गेलं की चर्चा न करता थांबायचं. आणि, हे सगळ्यात महत्त्वाचं, पुन्हा सुरू कशाच्या आधारावर करायचं आणि सही कुणाची. थांबवायला शंका पुरते, सुरू करायला कारण लागतं, हे त्या पानावर स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर ‘धोका आहे हे सिद्ध कर’ हा भार नेहमी शंका घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो, आणि रात्री अकरा वाजता, पुढच्या शॉटची उलट मोजणी चालू असताना, कुणीही काहीही सिद्ध करू शकत नाही. हे आकडे शांत दिवशी, चहाच्या वेळेला, शास्त्रज्ञांना सोबत घेऊन ठरवा. स्वतः मान्य केलेल्या आकड्यावर यंत्र थांबलं तर सहसा कुणाला राग येत नाही.

संचालकांच्या गप्प बसण्याबद्दलही त्यांच्याशीच बोला, एकटं गाठून. ‘त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत, त्याचा अर्थ मी काय घ्यायचा?’ एवढं विचारलं तरी पुरे. कदाचित त्यांना ते किरकोळ वाटलं असेल. ते किरकोळ नव्हतं, हे त्यांना कळायला हवं.

आता थोडं तुमच्या विरुद्ध बोलतो, रागावू नका. पत्रात शास्त्रज्ञ सगळीकडे एकाच रूपात येतात: शॉट मागणारे, घाईतले, समोरच्याला तुच्छ लेखणारे. बैठकीतलं ते वाक्य बोलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, तसं बोलणं चूकच होतं. पण प्रयोगाचा एक दिवस म्हणजे त्यांच्या बाजूने काय असतं तेही पाहा. प्रस्ताव लिहून, छाननीतून जाऊन, महिनोन्महिने वाट पाहून एखाद्याला दहा-बारा शॉट मिळतात. कुणाचा प्रबंध त्यावर अडलेला असतो. तुमच्या दीड दिवसात अशा कुणाची तरी पाळी गेली, आणि त्याला ते रात्री ग्रुपवरच्या एका मेसेजवरून कळलं. कारण काय, पुढची माहिती किती वाजता मिळेल, गेलेले शॉट परत मिळणार का, यातलं काहीच त्याला कळलं नाही. निर्णय तुमचा बरोबर होता, सांगण्याची पद्धत मात्र सुधारायला हवी. पुढच्या वेळी उठून त्या टेबलापर्यंत चालत जा. ‘थांबतोय, यासाठी थांबतोय, दुपारी दोनला येऊन सांगते कुठवर आलं’ असं सांगा. आणि दोन वाजता खरंच जा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. मोहिमेच्या वेळापत्रकातच काही राखीव सत्रं ठेवता आली तर थांबण्याची झळ एकाच माणसाला बसत नाही.

भौतिकी थोडी शिकलात तर चांगलंच, पण परवानगी म्हणून शिकू नका, कुतूहल म्हणून शिका. महिन्यातून एकदा त्यांच्या सत्रात मागे बसा आणि विचारा, या शॉटमध्ये तुम्ही काय शोधताय? यंत्रं जसजशी लांब पल्ल्याची होत चालली आहेत तसतशी ही दोन कामं एकमेकांत मिसळतही चालली आहेत. फ्रान्समध्ये कादाराशच्या वेस्ट टोकामॅकने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला, म्हणजे बावीस मिनिटांहून जास्त. बावीस मिनिटं पाणी ठरलेल्या वेगाने वाहत राहणं, व्हॅक्यूम टिकणं, पॉवर सप्लायने न डगमगणं, हे त्या प्रयोगाच्या गाभ्यातलंच काम आहे. तुमची टीम शास्त्राची सेवा करते असं तुम्ही दोनदा लिहिलंय. ती शास्त्र करते असं एकदा लिहून पाहा.

आणि आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो.

मी तिशीत असताना एका प्रयोगावर कूलिंगच्या शिफ्टला होतो. एका कॉइलच्या पाण्याच्या मार्गावरचा फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का ते पाहणारा, उगाचच ट्रिप व्हायचा आणि शॉट वाया जायचे. म्हणून कुणीतरी त्याचा इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की आपोआप थांबवणारी जोडणी, बायपास केला, वायर लावून निकामी केला. रॅकच्या मागे पिवळी जंपर वायर होती, तिला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पेनाने लिहिलेलं: ‘दोन दिवस’. तारीख होती, सही नव्हती. महिन्याभराने मी ते लॉगबुकात लिहिलं. ‘माहीत आहे’ असं उत्तर आलं. आणखी काही आठवड्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हा शिफ्ट-प्रमुखांनी बाजूला घेऊन सांगितलं, सारखं तेच तेच लिहू नकोस, वर वाचतात. ते चिडले नव्हते, चांगल्या आवाजात बोलले. तिसऱ्यांदा मी लिहिलं नाही. रोज त्या रॅकमागून जायचो, पिवळी वायर दिसायची, आणि काही दिवसांनी ती दिसेनाशीच झाली. अकराव्या महिन्यात त्या मार्गात गाळ अडकला, पाणी थांबलं आणि स्विचने काहीच सांगितलं नाही, कारण आम्हीच त्याला गप्प केलं होतं. जळलेल्या इपॉक्सीचा वास दोन दिवस हॉलमधून गेला नाही. कुणाला इजा झाली नाही. कॉइल मात्र गेली. चौकशीत मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मी म्हणालो, हो. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो मी स्वतःला बरीच वर्षं विचारत आलोय.

तुमचे तंत्रज्ञ आज त्या तिसऱ्या वेळेच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्यांनी बोलून दाखवलं. तुम्ही त्यांचं ऐकलंत, हे फार मोठं आहे, माझ्या वाट्याला ते आलं नव्हतं. पण नंतर जे झालं त्यात त्यांना एवढंच दिसलं, की आपल्या बोलण्यामुळे बाईंना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. ‘सगळं ठीक’ हे कदाचित तुम्हाला वाचवण्यासाठीच ते म्हणत असतील. म्हणून त्यांना खासगीत धीर देऊन भागणार नाही. ज्या बैठकीत तो शब्द उच्चारला गेला त्याच बैठकीत तुम्हाला सांगावं लागेल, की यंत्र थांबवण्याचा निर्णय माझा होता, तो मी आजही तसाच घेईन, आणि ज्यांनी शंका मांडली त्यांचे मी आभार मानते. लांब भाषण नको, ही तीन वाक्यं पुरेत. समोर शास्त्रज्ञ असले तरी खरे ऐकणारे तुमचे तीसजण असतील. थांबवल्यावर काय होतं, हे ते तुमच्या चेहऱ्यावर वाचतायत.

त्याच आठवड्यात तुमच्याकडच्या सगळ्या बायपासची यादीही करून घ्या. कुठला इंटरलॉक, का, कुणी, कधीपर्यंत. मुदत संपलेला प्रत्येक बायपास सकाळच्या बैठकीत मोठ्याने वाचायचा. माझी ही जुनी दुखरी नस आहे, त्यामुळे थोडा जास्त आग्रह धरतोय असं वाटलं तरी कराच.

फोनबद्दल. रात्री दोनला फोन येतो याचा अर्थ रात्री दोनला यंत्र थांबवायचा अधिकार फक्त तुमच्याकडे आहे, किंवा लोकांना तसं वाटतं. मग ज्या रात्री तुम्हाला उठवायला कुणी संकोचेल, त्या रात्री यंत्र थांबणार नाही. प्रत्येक शिफ्टला एक नाव ठरवा आणि सगळ्यांसमोर सांगा: या आठ तासांत यांचं ‘थांबा’ म्हणजे माझं ‘थांबा’. ते चुकून थांबवतील तेव्हा पहिली बाजू तुम्ही घ्यायची, प्रश्न नंतर, दार लावून. पॉवर सप्लायमध्ये बिघाड झाला की तुम्ही स्वतः हॉलमध्ये जाता असं लिहिलंत. समजू शकतो, तिथे हातांना काय करायचं ते ठाऊक असतं आणि प्रमुखपदात बहुतेक वेळा ते नसतं. पण तुमच्या जागी आलेला इंजिनिअर तुमच्या सावलीत कधी तयार होणार? आणि मोहीम संपायच्या आधी दोन दिवस सुट्टी घ्या, फोन उपप्रमुखाकडे देऊन. उपप्रमुख नसेल तर संचालकांकडची पहिली मागणी तीच.

पद सोडायचं का, हे या तीन आठवड्यांत ठरवू नका. थकलेल्या माणसाला प्रत्येक दार बाहेर जाणारंच दिसतं. मोहीम संपू द्या, झोप भरून काढा, मग पाहा. परत जाण्यात कमीपणा काहीच नाही. उत्तम पॉवर सप्लाय इंजिनिअर ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि तुमची ओढ खरोखरच तिकडे असेल तर जा. पण ‘मला हे जमत नाही’ या कारणाने जाऊ नका, कारण तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. एक परिस्थिती मात्र अशी आहे जिथे मी स्वतःच तुम्हाला सोडा म्हणेन: ते एक पान घेऊन तुम्ही संचालकांकडे गेलात आणि सगळं नीट समजावूनही त्यांनी सही नाकारली. जबाबदारी तुमची आणि थांबवण्याचा हक्क दुसऱ्याचा, अशा खुर्चीत कुणीच बसू नये. कण-त्वरक असो, दुर्बीण असो किंवा एखादी मोठी प्रयोगशाळा, असंच काम करणारे जे कुणी हे वाचत असतील त्यांनीही आपापल्या खुर्चीबद्दल हे एकदा तपासून घ्यावं.

सध्या एवढंच करा. उद्याच्या बैठकीआधी अर्धा तास व्हॅक्यूमच्या खोलीत जा, एकट्याच. ते आरजीएसमोर बसलेले असतील. ‘कसं चाललंय?’ असं विचारू नका, ‘ठीक’ एवढंच उत्तर येईल. खुर्ची ओढून शेजारी बसा आणि म्हणा, कालच्या शेवटच्या शॉटनंतरचा अठराचा आलेख मला दाखवा, आणि गरम असताना तपासायचं झालं तर तुम्ही कुठून सुरुवात कराल ते सांगा. वही सोबत न्या आणि ते सांगतील ते लिहून घ्या. अर्ध्या तासाचा तास झाला तर बैठक उशिरा सुरू करा.